'ध' चा 'मा' खरोखर कोणी केला?



गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका घरी मुलीचे बारसे होते. पाळणा फुलांनी सजवला होता, बायका गोळा झाल्या होत्या, पोरे नेहमीप्रमाणे क्रिओलीत गोंधळ घालीत होती. मुलीची आत्या नाव सांगण्यासाठी पाळण्यापाशी वाकणार, इतक्यात तिच्या तोंडून नाव आधीच निसटले. नाव ठरले होते आनंदी. ते ऐकताच कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली घरातली सर्वांत वडील आजी एकदम म्हणाली, "नको गं बाई! ते 'ध' चा 'मा' करणारीचं नाव."

अर्ध्या लोकांना काही कळले नाही. एका तरुणाने विचारले, "कि एते सा, 'ध' चा 'मा'?" मुलीची आई मात्र हिरमुसली. तिला ते नाव मनापासून आवडले होते. आजी लहानपणी बैठकेत मराठी शिकली होती. तिथल्या गुरुजींनी सांगितलेली ती गोष्ट तिच्या मनात सत्तर वर्षे घट्ट बसली होती. मी मराठी शिकवतो म्हणून साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी जे सांगितले ते जेवणाची पाने मांडेपर्यंत पुरले आणि तरीही अपुरेच राहिले. ते सगळे नीट मांडावे म्हणून हा लेख.

गोष्ट सांगतात ती अशी

मराठीत कोणी लिखाणात किंवा निरोपात गुपचूप फेरफार करून त्याचा अर्थच उलटा केला, तर आपण म्हणतो, त्याने 'ध' चा 'मा' केला. या बोलण्याच्या मागे पुण्याच्या शनिवारवाड्यात घडलेला एक खून आहे.

थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे क्षयाने वारले. त्यांच्या मागे त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय जेमतेम सतरा-अठरा. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना स्वतःला पेशवा व्हायचे होते. त्यांनी माधवरावांच्या हयातीतच बंड केले होते आणि ते मोडलेही गेले होते. नारायणरावांच्या कारकिर्दीत दादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. एका वाड्यात पुतण्या गादीवर आणि काका पहाऱ्यात, असा तो प्रकार होता.

दादांच्या पक्षाने वाड्याच्या चौकीवरील गारद्यांशी संधान बांधले. हे गारदी पगारी शिपाई होते, त्यांचा पगार थकला होता आणि ते चिडलेले होते. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. त्याला दादांनी एक लेखी हुकूम दिला, त्यात लिहिले होते की नारायणरावांस 'धरावे'. तो कागद दादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या हाती आला. त्यांनी 'ध' खोडून तेथे 'मा' केला. 'धरावे' चे 'मारावे' झाले.

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद महिना, गणपतीचे दिवस. दुपारी गारदी वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवण्यासाठी धावत चुलत्याच्या दालनात गेले आणि "काका, मला वाचवा" म्हणत त्यांनी दादांना मिठी मारली. दादांचा सेवक तुळाजी पवार याने त्यांना पायाला धरून ओढले. चापाजी टिळेकर नावाचा एक इमानी सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. त्याच्यासकट गारद्यांनी पेशव्यांचे तुकडे केले. रात्री देह वाड्याच्या ज्या दरवाजातून बाहेर नेला, त्याला पुढे नारायण दरवाजा असे नाव पडले.

आजीला माहीत असलेली गोष्ट एवढीच. आपल्यापैकी बहुतेकांना एवढीच माहीत असते.

कागद काय सांगतात

या गोष्टीतला खून खरा आहे. दिवस, जागा, गारदी, तुळाजी, सुमेरसिंग, चापाजी हे सारे खरे. प्रश्न आहे तो त्या एका अक्षराचा.

खुनानंतर चौकशी झाली. ती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी केली. रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. आपल्या बेटावर ज्यांचे पूर्वज सातारा भागातून आले, त्यांनी हे गाव ध्यानात ठेवावे. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव. रामशास्त्र्यांनी गुन्हेगार ठरवले ते रघुनाथरावांना. दादांनी विचारले, प्रायश्चित्त काय? शास्त्रीबुवांनी उत्तर दिले, देहान्त. सत्ताधीशाला तोंडावर मरणाची शिक्षा सांगून ते पुणे सोडून निघून गेले, आणि कारभार बारभाईंच्या हाती स्थिरावल्यावर १७७७ मध्ये पुन्हा न्यायासनावर बसले.

म्हणजे पाहा, न्यायाधीशाने दोष दिला नवऱ्याला आणि लोकांनी दोष दिला बायकोला. शास्त्रीबुवांचा निकाल इतिहासाच्या पुस्तकांत राहिला. लोकांचा निकाल भाषेत गेला, आणि भाषेतल्या निकालावर अपील करायला जागा नसते.

'धरावे' चे 'मारावे' केल्याची गोष्ट छापील पुस्तकात बरीच लवकर आली. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही कथा आहे, आणि ती लोकांत असलेला समज म्हणून आहे. खुनाला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. ग्रँट डफ साताऱ्यास असताना खुनाच्या वेळी लहान असलेली माणसे हयात होती. म्हणून ही कथा अगदीच मागाहून रचलेली आहे असेही म्हणता येत नाही. पण पुढे पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल सोडून संशोधकांनी मोडी कागद वाचले, गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यांचे पंचेचाळीस भाग छापले गेले, तरी आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याचा अस्सल समकालीन पुरावा पुढे आला नाही.

आता थोडा आपल्या बुद्धीने विचार करू. 'ध' चा 'मा' करायचा म्हणजे एक अक्षर खोडून दुसरे लिहायचे आणि वर एक कानाही वाढवायचा. ज्या कागदावर पेशव्याचे प्राण अवलंबून, ज्याच्या बळावर गारदी आपली मान धोक्यात घालणार, तो खाडाखोड केलेला कागद त्यांनी मुकाट्याने घेतला असेल काय? आणि पेशव्याला मारायला निघालेली माणसे एका अक्षराच्या भरवशावर निघाली असतील काय? त्यांना पैसा हवा होता आणि संरक्षणाचे वचन हवे होते. ते बोलणे तोंडोतोंडीच झाले असणार, असे मला वाटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ही गोष्ट खरी मानली तर फायदा कोणाचा होतो? दादांचा. या गोष्टीप्रमाणे दादांनी फक्त 'धरा' म्हटले होते. पुतण्याला कैद करणे हा गुन्हा खरा, पण खुनापुढे लहान. एका अक्षराने दादा खुनी न राहता बायकोने फसवलेला भोळा माणूस होतात. खून झाल्यावर पेशवाईची वस्त्रे मात्र दादांनीच घेतली, त्याच वर्षी.

या दादांचे दुसरे नाव

इथे थोडे थांबून आणखी एक वाक्प्रचार पाहू. कोणी परदेशी जाऊन मोठे यश मिळवले की आपण म्हणतो, त्याने अटकेपार झेंडा लावला. आपल्या बेटावरचा एखादा मुलगा लंडनहून डॉक्टर होऊन आला की सत्काराच्या सभेत हे वाक्य एकदा तरी कानी पडतेच. अटक हा सिंधू नदीच्या काठचा किल्ला, आजच्या पाकिस्तानात. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा पंजाबात शिरल्या, एप्रिलमध्ये लाहोर घेतले आणि मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली. या मोहिमेचा सेनापती कोण? हेच रघुनाथराव!

लाहोरला दादा स्वतः होते. त्यापुढे अटकेकडची कामगिरी इतर सरदारांनी केली आणि दादा दक्षिणेकडे परतले. तरी बोलण्यात झेंडा लावला तो दादांनीच. त्यांच्या वेगवान मोहिमांवरून त्यांना 'राघोभरारी' म्हणत.

म्हणजे मराठी भाषेने या एकाच नवरा-बायकोच्या जोडीला दोन वाक्प्रचार वाटून दिले. ज्यात शौर्य आहे तो नवऱ्याकडे गेला, जरी अटकेपर्यंत तो स्वतः गेला नाही. ज्यात खून आहे तो बायकोकडे गेला, जरी न्यायालयाने तिला दोषी धरले नाही. हे मला मोठे गमतीचे आणि थोडे खेदाचेही वाटते.

लोकांची आठवण आणि पंचांग

लोकांची आठवण कशी काम करते याचे दुसरे उदाहरण सांगतो, म्हणजे आनंदीबाईंवर एकट्यांवरच असे झाले असे वाटणार नाही.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. भाऊसाहेब पेशवे पडले, पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव पडला, महाराष्ट्रात घरटी माणूस गेले असे म्हणतात. त्या एका दिवसातून मराठीत किती शब्द आले! दारुण पराभव म्हणजे 'पानिपत'. "विश्वास तर पानिपतातच गेला" असे कोणावर भरवसा न ठेवणारा माणूस श्लेषाने म्हणतो. लग्नात किंवा बसमध्ये माणसांची रेटारेटी झाली की आपण 'भाऊगर्दी' म्हणतो. त्यातला भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ, आणि जुन्या बोलीत गर्दी म्हणजे धूळधाण, कापाकापी. भाऊंच्या लढाईतला तो हाहाकार आज बसथांब्यावर येऊन उभा राहिला आहे. भाऊंचा देह नक्की ओळखला गेला की नाही याविषयी शंका राहिली, त्यामुळे पुढे भाऊ असल्याचे सांगणारा एक माणूस उभा राहिला. त्याला १७७६ साली मारले, आणि न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

आता 'संक्रांत कोसळणे' घ्या. पुष्कळ लोक सांगतात की पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली म्हणून संकटाला संक्रांत म्हणू लागले. मीही वर्गात हे अनेक वर्षे सांगत आलो. १४ जानेवारी ही तारीख पाहिली की कोणालाही तसेच वाटेल. पण मकरसंक्रांत कायमची १४ जानेवारीला बांधलेली नाही. सूर्य मकर राशीत जातो तो दिवस इंग्रजी तारखेच्या हिशेबाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेलो तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतावर तोफा सुरू झाल्या तेव्हा तीळगूळ वाटण्याचा दिवस होऊन गेलेला होता. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, आणि वार बुधवार.

मग संक्रांत वाईट का? त्याचे उत्तर बहुधा पंचांगात आहे. तेथे संक्रांत ही एक देवी मानली आहे. दरवर्षी ती कोणत्या वाहनावर बसून येते, कोणते वस्त्र नेसते, कोणत्या दिशेकडे पाहते हे लिहिलेले असते, आणि ती जे वापरते, जिकडे पाहते, त्यावर संकट येते अशी समजूत आहे. म्हणून 'त्याच्यावर संक्रांत आली'. पानिपतने त्या जुन्या समजुतीला एक तारीख दिली एवढेच.

आनंदीबाईंचेही असेच झाले असावे. राजा मुळात चांगला, पण अंतःपुरातल्या स्त्रीने कान फुंकले म्हणून अनर्थ झाला, हा साचा आपल्याकडे फार जुना आहे. दशरथ भला, कैकेयी वाईट, आणि कैकेयीहून मंथरा वाईट. आपल्या बेटावर घरोघरी रामायण ऐकले जाते, त्यामुळे हा साचा आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पुण्याच्या लोकांनी शनिवारवाड्यातला खून त्या साच्यात ओतला. दादा दशरथ झाले, आनंदीबाई कैकेयी झाल्या. शिवाय त्या लिहू-वाचू जाणणाऱ्या होत्या. त्या काळात लेखणी हाती धरणाऱ्या बाईवर संशय घेणे सोपे होते.

रंगभूमीने हे चित्र आणखी गडद केले. कृ. प्र. खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. त्यात राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री असे तिघेही आहेत. प्रभात कंपनीने १९४४ साली 'रामशास्त्री' चित्रपट काढला, त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री झाले होते आणि आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार. दूरदर्शनच्या रामायणात ज्यांनी मंथरेचे काम केले, त्याच या ललिता पवार. साचा इतका पक्का की नटीसुद्धा तीच!

भुताची गोष्टही अशीच. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यात "काका, मला वाचवा" असा आवाज येतो म्हणतात. खून भरदुपारी झाला होता, पण भुताला रात्रच शोभते. शिवाय तो वाडा १८२८ साली आगीत जळून गेला. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले आहे. ज्या दालनात पुतण्याने काकांना मिठी मारली ते दालनच राहिले नाही, आवाज तेवढा राहिला.

ती बाई कोण होती

आनंदीबाई कोकणातल्या. गुहागरजवळ मळण नावाचे गाव आहे, तेथील ओकांची ही लेक. आपल्यापैकी रत्नागिरीकडची जी घराणी आहेत, त्यांच्या पूर्वजांच्याच मुलखातली. त्या रघुनाथरावांची दुसरी बायको. खुनानंतर बारभाईंनी दादांविरुद्ध पक्ष उभा केला. नारायणरावांच्या विधवेला, गंगाबाईंना, पुरंदर किल्ल्यावर मुलगा झाला, आणि तो चाळीस दिवसांचा होताच त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. दादा पळत सुटले. गरोदर आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिल्या, आणि तेथे १७७५ च्या जानेवारीत त्यांना मुलगा झाला. हाच पुढे दुसरा बाजीराव, शेवटचा पेशवा.

दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. सुरतेचा तह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. इथे आपल्या बेटाचा थोडा संबंध येतो. दादांच्या बाजूला इंग्रज, म्हणून नाना फडणविसांनी फ्रेंचांकडे पाहिले. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला आणि इंग्रजांची झोप उडाली. हिंदी महासागरात फ्रेंचांचे मोठे ठाणे तेव्हा कोणते होते? आपले हेच बेट, तेव्हाचे ईल द फ्रान्स. आपला एकही पूर्वज येथे आला नव्हता, तरी पुण्याच्या दरबारात या बेटाच्या आरमाराचा हिशेब होत असणार. आणि गारदी हा शब्दसुद्धा फिरंगी वळणाचा आहे. गार्द म्हणजे पहारा. युरोपीय पद्धतीची कवाईत शिकलेल्या पलटणीला दक्षिणेत हे नाव पडले. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी हा आधी फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली होता. आपण क्रिओलीत दारावरच्या पहारेकऱ्याला आजही 'गार्द' म्हणतो. नारायणरावांना मारणारे लोक आणि आपल्या बँकेच्या दारात उभा असलेला भला माणूस, दोघांचे नाव एका घरातले.

दादा १७८३ साली कोपरगावी वारले. त्यानंतर आनंदीबाई सुमारे दहा वर्षे जगल्या, त्या नानांच्या पहाऱ्यातच. पदरी मुले, अवतीभोवती चौकी. नाशिकजवळ गंगेकाठी आनंदवल्ली येथे १७९४ मध्ये त्यांचा शेवट झाला. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा पेशवा झाला. ते पाहायला त्या नव्हत्या.

त्या निष्पाप होत्या असे मी म्हणत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, नवऱ्याने पेशवा व्हावे असे त्यांना वाटे, आणि कटाची कुणकुण त्यांना असणे अगदी संभवनीय आहे. ते अक्षर त्यांनी बदलले याला पुरावा नाही, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या घरचा 'ध' चा 'मा'

बारशाच्या दिवशी हे सारे सांगून झाल्यावर आजी काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गुरुजी खोटं सांगतील होय?" मी म्हटले, "आजी, गुरुजींनी ऐकलं तसं सांगितलं. त्यांच्या आजोबांनीही तसंच ऐकलं असेल."

आणि ते खरेच आहे. मुंबई बंदरातून गिरमिटिये या बेटावर येऊ लागले ते १८३४ नंतर. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूची माणसे. १८३५ च्या सुमारास जो सत्तर वर्षांचा म्हातारा आपल्या नातवाला निरोप द्यायला गावच्या वेशीपर्यंत आला असेल, तो नारायणरावांच्या खुनाच्या वेळी आठ वर्षांचा होता. त्याने ती बातमी ताजी ऐकली असेल. आपल्या लोकांनी गाठोड्यात फारसे काही आणले नाही, पण ऐकलेल्या गोष्टी बरोबर आणायला भाडे पडत नव्हते.

इथे बंदरावर उतरल्यावर त्यांच्याही अक्षरांना हात लागला. कारकून मराठी जाणत नव्हते. समोरचा माणूस नाव सांगे, कारकुनाला जसे ऐकू येई तसे तो रोमन लिपीत लिही. रोमन लिपीत 'ध' आणि 'द' सारखेच, 'ट' आणि 'त' सारखेच, 'ण' ला तर जागाच नाही. एकाच बापाच्या दोन मुलांची नावे दोन तऱ्हांनी लिहिली गेली आणि पुढे ती दोन घराणी झाली. गावाच्या नावांचे तर विचारूच नका. पहिल्या माणसाचे स्वतःचे नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून आपल्याकडे सखाराम, तुकाराम, बाबाजी ही आडनावे आहेत, जी ऐकून मुंबईचा माणूस बुचकळ्यात पडतो. मूळचे आडनाव काय होते ते पुष्कळ घरांत कोणालाही माहीत नाही. कोणी मुद्दाम केले असे नाही. तिथे आनंदीबाई कोणी नव्हती, फक्त घाईत असलेला एक कारकून होता आणि लिहिता न येणारा एक थकलेला माणूस.

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या नोंदींची जुनी पुस्तके आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असे रकाने. त्या बारशाच्या घरच्या मुलाने, म्हणजे बाळाच्या बापाने, आपल्या पणजोबांच्या वडिलांची नोंद तेथून उतरवून आणलेली होती. ती त्याने त्या दिवशी कपाटातून काढली. गावाच्या रकान्यातला शब्द आम्ही चार जणांनी चार तऱ्हांनी वाचून पाहिला. एकाला ते खेड वाटले, एकाला कराड. आजीने कागद डोळ्यांजवळ धरला, तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, तरी बराच वेळ धरला. मग बाळाच्या आईला जवळ बोलावून म्हणाली, "ठेव तेच नाव. पण कचेरीत लिहिताना तू स्वतः समोर उभी राहा."

आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीवर प्रथेप्रमाणे धपाटे घातले, आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात आई कचेरीत गेली, समोर उभी राहिली आणि एकेक अक्षर सांगितले. दाखला हाती आला तेव्हा शेवटच्या 'दी' ला एक 'ई' पाहिजे होता तिथे दोन होते. तिने तो परत केला आणि दुसरा लिहून घेतला.